घरातला जुना सर्व्हर अपग्रेड करताय? प्रोसेसर नंतर, आधी डिस्क बघा

फोनवर 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की आपण काय करतो? आधी व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग उडवतो, मग दोन-चार ॲप काढतो, आणि शेवटी जुने व्हिडिओ घरातल्या कॉम्प्युटरवर टाकून फोन मोकळा करतो. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा बंद झाली आणि सगळं १५ जीबीत बसवायची वेळ आली. तेव्हापासून तर अनेकांनी घरातला जुना डेस्कटॉपच कोपऱ्यात कायमचा चालू ठेवून त्याचा 'होम सर्व्हर' केला. फोनमधले फोटो आपोआप त्यावर जातात, टीव्हीवर पिक्चर त्यातूनच लागतात, आणि महिन्याचं भाडंही नाही.

होम सर्व्हर म्हणजे काही वेगळं मशीन नाही. घरातल्या वायफायवर असलेला आणि चोवीस तास चालणारा कुठलाही कॉम्प्युटर म्हणजे होम सर्व्हर. गडबड एवढीच की तो निमूट चालतो, म्हणून आपण त्याच्याकडे बघतच नाही. पाच वर्षं होतात, सात होतात, आणि मग एक दिवस फोटो उघडायला अर्धा मिनिट लागायला लागतो.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. २०१३ सालचा डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. एकीवर पिक्चर, दुसरीवर घरचे फोटो आणि रेकॉर्डिंग. त्यात २०१६ मध्ये फोनवर रेकॉर्ड केलेल्या आजीच्या ओव्या होत्या. तो फोन आता नाही, आजीही नाही. सर्व्हर हळू झाला म्हणून मी नवा प्रोसेसर आणि रॅम बघत होतो. खरा आजार डिस्कला होता, आणि तो कळला तो निव्वळ योगायोगाने.

म्हणून या लेखात अपग्रेड योग्य क्रमाने कसं करायचं ते बघू. इथे कुठला पार्ट घ्यायचा यापेक्षा कुठलं काम आधी करायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली पायरी: स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

कुठलंही अपग्रेड सुरू करायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. हा सर्व्हर आत्ता या क्षणी बंद पडला आणि परत सुरूच झाला नाही, तर कायमचं काय जाईल?

पिक्चर गेले तर परत मिळतील. सॉफ्टवेअर परत टाकता येईल. पण घरचे फोटो, रेकॉर्डिंग, स्कॅन केलेली कागदपत्रं, कॉलेजचे प्रोजेक्ट यांची दुसरी प्रत नसेल तर ते गेलेच. बहुतेक घरांत ही 'परत न मिळणारी' यादी वाटते त्यापेक्षा लहान निघते. २ टीबीच्या डिस्कमध्ये असा डेटा दीड-दोनशे जीबीच असतो. तेवढा एखाद्या पोर्टेबल डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर आजच कॉपी करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

यासाठी एक जुना सोपा नियम आहे, ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरमुळे हा नियम लोकप्रिय झाला. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच हवं असं नाही. मामाच्या घरच्या कपाटात ठेवलेली डिस्क, जी दर दिवाळीला आणून अपडेट करता, तीही चालते. चोरी, आग किंवा तळमजल्यावर शिरलेलं पावसाचं पाणी घरातल्या तिन्ही प्रती एकदम घेऊन जाऊ शकतं, म्हणून ही तरतूद.

दुसरी पायरी: डिस्कची तब्येत तपासा

प्रत्येक हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. या यंत्रणेला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर या नोंदी दाखवतं, लिनक्सवर 'स्मार्टसीटीएल'. यादी लांबलचक असते, पण घरगुती वापरासाठी पाच ओळी बघितल्या तरी पुरतं:

• रीॲलोकेटेड सेक्टर काउंट (क्रमांक ५): डिस्कने खराब झालेले किती तुकडे बाजूला काढून राखीव जागा वापरली.
• करंट पेंडिंग सेक्टर (क्रमांक १९७): जे तुकडे वाचता येत नाहीयेत आणि ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे. ही सगळ्यात काळजीची ओळ.
• ऑफलाइन अनकरेक्टेबल (क्रमांक १९८): जे तुकडे तपासणीत वाचताच आले नाहीत.
• यूडीएमए सीआरसी एरर (क्रमांक १९९): हा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असते, साटा केबल सैल किंवा खराब असते. नवी केबल लावून बघा.
• पॉवर ऑन अवर्स (क्रमांक ९): डिस्क किती तास चालली. चोवीस तास चालू ठेवली तर वर्षाचे ८,७६० तास होतात. ४४ हजारांच्या आसपास आकडा असेल तर डिस्कने पाच वर्षं सलग नोकरी केली आहे.

बॅकब्लेझ ही अमेरिकन क्लाउड बॅकअप कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कची आकडेवारी जाहीर करते. तीही ५, १९७ आणि १९८ या ओळींवर खास नजर ठेवते. तिथे शून्य असलेलं उत्तम. शून्यापेक्षा जास्त असेल आणि आठवड्याभरात आकडा वाढत असेल, तर डिस्क जायच्या वाटेवर आहे असं धरूनच चाला. पण उलटं खरं नाही हेही लक्षात ठेवा. सगळे आकडे शून्य असूनही डिस्क अचानक मरू शकते. स्मार्ट म्हणजे हवामानाचा अंदाज समजा, हमी नाही.

आमच्या फोटोंच्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर ८ होते. चार दिवसांनी बघितलं तर ६४. सर्व्हर हळू का झाला त्याचं उत्तर तिथेच होतं. खराब तुकडा आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ बाकी सगळे रांगेत थांबतात. तेव्हा मी नवा प्रोसेसर घेतला असता तर पैसे गेले असते आणि डिस्कही.

डिस्क खराब निघाली तर काय करायचं नाही

इथे बहुतेक जण एक चूक करतात. डिस्क आजारी आहे कळल्यावर लगेच 'फुल स्कॅन', 'रिपेअर' किंवा डीफ्रॅग चालवतात. आजारी डिस्ककडून तासन् तास काम करून घेणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला मॅरेथॉनला पाठवणं. रिपेअर करणारी सॉफ्टवेअर तर फाइलसिस्टममध्ये बदलही करतात, म्हणजे उरलंसुरलंही विस्कटू शकतं.

योग्य क्रम असा आहे. आधी सगळ्यात मौल्यवान आणि लहान फोल्डर कॉपी करून घ्या. मग लिनक्सवरच्या 'डीडीरेस्क्यू' या फुकट साधनाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवा. साधं कॉपी-पेस्ट खराब तुकड्यावर अडून बसतं. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते घेऊन टाकतं, अवघड जागा एका नोंदवहीत लिहून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. मधेच लाइट गेली तरी नोंदवहीमुळे जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. दुरुस्तीचे सगळे प्रयोग मग त्या प्रतिमेवर करायचे, मूळ डिस्कवर नाही.

आणि डिस्कमधून टक-टक असा ठरावीक ठेक्याने आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. तिला बंद करा. आतलं हेड नीट काम करत नसण्याची ती खूण आहे, आणि प्रत्येक फेरीला नुकसान वाढतं. डेटा खरंच अमूल्य असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या व्यावसायिकाकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवणे वगैरे उपाय यूट्यूबवर दिसतात, ते विसरा.

तिसरी पायरी: नक्की काय म्हातारं झालंय?

डेटा सुरक्षित झाला की शांतपणे बघा, त्रास कशामुळे होतोय.

फोटोंची यादी, थंबनेल, सर्च हळू आहे? मग ऑपरेटिंग सिस्टम आणि फोटो ॲपचा डेटाबेस हार्ड डिस्कवर असेल. तो एका छोट्या २५० किंवा ५०० जीबीच्या एसएसडीवर हलवा. जुन्या मशीनला याएवढा स्वस्तात जाणवणारा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

मोठ्या फाइल कॉपी व्हायला वेळ लागतो? मग नेटवर्क बघा. गिगाबिट लॅन म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. साधी हार्ड डिस्कसुद्धा १५० ते २५० एमबीने वाचते. म्हणजे फोटो साठवायला महागडी एसएसडी घेतली तरी लॅनवरून वेग तेवढाच राहणार. राउटरची पोर्ट १०० मेगाबिटची असेल तर वेग ११ एमबीवरच अडकतो, आणि तिथे डिस्क बदलून काही उपयोग नाही. गिगाबिट राउटर किंवा स्विच हवा.

टीव्हीवर व्हिडिओ अडखळतो? २०१७ मध्ये आयफोनने एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ प्रकारचा व्हिडिओ आणला, आणि आता अनेक फोन तो वापरतात. टीव्हीला तो चालत नसेल तर सर्व्हरला तो चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात बदलावा लागतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. जुना प्रोसेसर इथे खरंच धापा टाकतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये १०-बिट एचईव्हीसीसाठीही वेगळी सोय आतच असते, त्यामुळे ते काम हलकं होतं.

मदरबोर्डवर जुना साटा २ आहे म्हणून बोर्ड बदलायचा विचार करताय? गरज नाही. साटा २ सेकंदाला ३०० एमबीपर्यंत जातं, हार्ड डिस्क त्याच्याही खालीच आहे.

विजेचं बिलही धरा

चोवीस तास चालणाऱ्या मशीनचा हिशोब सोपा आहे. १० वॉट खाणारं मशीन वर्षभरात साधारण ८८ युनिट जाळतं. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप ५२५ युनिट. फरक जवळपास ४३८ युनिटचा. एका युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला साडेतीन हजार रुपये. तुमचा दर बिलावर बघून गुणाकार करा.

म्हणूनच हल्ली लोक जुन्या डेस्कटॉपच्या जागी इंटेल एन१०० चे छोटे मिनी पीसी घेतात. २०२३ च्या सुरुवातीला आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर फक्त ६ वॉटच्या वर्गातला आहे आणि व्हिडिओ बदलायची सोयही त्यात आहे. अडचण एकच. बहुतेक मिनी पीसीत ३.५ इंची मोठ्या हार्ड डिस्क बसत नाहीत, त्या यूएसबी डब्यात बाहेर ठेवाव्या लागतात आणि सैल केबल हा नवा शत्रू तयार होतो. दोन-तीन मोठ्या डिस्क हव्या असतील तर जुनंच कॅबिनेट ठेवून आतला बोर्ड बदलणं जास्त शहाणपणाचं.

एक महत्त्वाची गोष्ट. जुना सर्व्हर विंडोज १० वर चालत असेल, तर त्या सिस्टमचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. चोवीस तास नेटवर्कवर असलेल्या मशीनसाठी ही धोक्याची गोष्ट आहे. डेबियन, त्यावर आधारलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस हे फुकट पर्याय आहेत. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम लागते. ओपनमीडियाव्हॉल्ट जुन्या मशीनवरही बऱ्यापैकी चालतं.

नवी डिस्क घेताना: कौलं की वीट?

दुकानात '४ टीबी' म्हणून घेतलेली डिस्क कॉम्प्युटरवर ३.६४ दिसते. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. कंपनी १ टीबी म्हणजे दहाच्या पटीत एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज दोनच्या पटीत मोजतं.

खरी काळजी दुसरीकडे घ्यायची. हार्ड डिस्क दोन पद्धतीने लिहितात, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये प्रत्येक पट्टी शेजारी-शेजारी, स्वतंत्र असते. एसएमआरमध्ये पट्ट्या कौलारू छपरासारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा बसतो आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची दोन-चार हलवावी लागतात ना? तसंच इथे. एक तुकडा बदलायला शेजारचे अनेक पुन्हा लिहावे लागतात, आणि सलग लिहिताना वेग एकदम कोसळतो. वर्षातून चारदा बॅकअप घ्यायला एसएमआर चालते. सर्व्हरमध्ये कायम ठेवायला सीएमआरच घ्या.

आणि नुसतं खोक्यावर 'नॅससाठी' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं होतं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. गदारोळ झाल्यावर कंपनीने सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. आता मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर मॉडेलनुसार ही माहिती असते. पूर्ण मॉडेल नंबर टाकून बघा, मगच पैसे द्या.

स्वस्त 'नवी' डिस्क हाही सापळा आहे. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या डेटा सेंटरमध्ये वापरून झालेल्या डिस्क, स्मार्टमधले तास शून्य करून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. डिस्कच्या आत 'फार्म' नावाची आणखी एक नोंद असते, ती पुसलेली नव्हती म्हणून लबाडी सापडली. लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. वॉरंटी आधीच संपलेली दिसली तर डिस्क परत करा.

आणखी एक अडचण जुन्या मशीनमध्ये येते. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर जुन्या एमबीआर पद्धतीने पार्टिशन केलं तर साधारण २.२ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. पार्टिशन जीपीटी पद्धतीने करा. काही जुने यूएसबी डबेही मोठी डिस्क ओळखत नाहीत, ते आधी तपासा.

नव्या डिस्कची परीक्षा घ्या

नवी डिस्क म्हणजे चांगली डिस्क असं समजू नका. उत्पादनातला दोष बऱ्याचदा सुरुवातीच्या दिवसांतच बाहेर येतो. म्हणून डेटा टाकायच्या आधी, दुकानाची बदलून द्यायची मुदत चालू असतानाच तिला पूर्ण घासून घ्या. लिनक्सवर 'बॅडब्लॉक्स' अख्ख्या डिस्कवर चार वेळा लिहितं आणि चार वेळा वाचून ताडून बघतं. ४ टीबीच्या डिस्कला याला साधारण अडीच दिवस लागतात. हे रिकाम्या डिस्कवरच करायचं, कारण त्यात आधीचं सगळं पुसलं जातं. शेवटी स्मार्टच्या त्याच ओळी परत बघा. शून्य असतील तर डिस्क पास.

रेड म्हणजे बॅकअप नाही

दोन डिस्क घेतल्या की पुढचा शब्द कानावर येतो, 'रेड'. १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात ही कल्पना मांडली. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्कचा गट वापरायचा, आणि एखादी गेली तरी काम चालू ठेवायचं. घरात सगळ्यात उपयोगी प्रकार म्हणजे रेड १, म्हणजे आरसा. दोन डिस्कवर तंतोतंत तेच. एक मेली तरी दुसरी चालू राहते.

पण आरसा चुकाही तशाच्या तशा दाखवतो. तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. रेडमुळे सर्व्हर चालू राहतो, डेटा वाचेलच असं नाही. 'सिंक'चंही तेच. फोनवर डिलीट केलं की सर्व्हरवरही डिलीट होणार असेल तर तो बॅकअप नव्हे.

तीन-चार डिस्कच्या रेड ५ चा मोह होतो, कारण जागा जास्त मिळते. पण गणित करून बघा. ४ टीबीच्या चार डिस्कपैकी एक गेली तर नवी भरण्यासाठी उरलेल्या तीन, म्हणजे १२ टीबी, पूर्ण वाचाव्या लागतात. अनेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटमागे, म्हणजे १२.५ टीबीमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क त्यापेक्षा बऱ्या वागतात, पण सगळ्या डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या आणि सारख्याच दमलेल्या असतील तर ती वेळ कठीण असते. घरासाठी दोन डिस्कचा आरसा आणि तिसरी बाहेर कपाटात ठेवलेली डिस्क, एवढं सगळ्यात समजायला सोपं. आणि बिघडल्यावर रात्री अकरा वाजता दुरुस्त करायलाही.

जमलं तर फाइलसिस्टम झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ठेवा. त्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याची बेरीज लिहून ठेवतात. पुढे कधी डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा दिला तर बेरीज जुळत नाही, चूक लगेच पकडली जाते आणि आरशातल्या दुसऱ्या डिस्कवरून ती दुरुस्तही होते. शिवाय 'स्नॅपशॉट' मिळतात, म्हणजे काल रात्री फोल्डर कसं होतं ते परत आणता येतं. झेडएफएसला ईसीसी रॅम लागतेच हा गैरसमज आहे. असली तर उत्तम, नसली तरी चालतं.

डेटा हलवताना घाई नको

२ टीबी डेटा गिगाबिट लॅनवरून हलवायला सगळं सुरळीत झालं तर साधारण पाच तास लागतात. जुन्या यूएसबी २ मधून तेच काम सोळा तास खातं. १०० मेगाबिटच्या राउटरवरून दोन दिवसांपेक्षा जास्त. शक्य असेल तर दोन्ही डिस्क एकाच मशीनला साटाने जोडा.

माउसने ओढून कॉपी करू नका. मधेच अडकलं तर काय झालं आणि काय राहिलं ते कळत नाही. लिनक्सवर 'आरसिंक' आणि विंडोजवर 'रोबोकॉपी' ही साधनं राहिलेलं तेवढंच पुढे नेतात आणि फाइलच्या तारखाही जपता येतात. तारखा महत्त्वाच्या आहेत. त्या गेल्या तर व्हॉट्सॲपवरून आलेले जुने फोटो सगळे 'आज काढलेले' दिसायला लागतात.

कॉपी झाल्यावर पडताळणी करा. आरसिंक दुसऱ्यांदा चेकसमच्या पर्यायासह चालवलं की दोन्हीकडच्या फाइल आतून वाचून ताडल्या जातात. वेळ लागतो, पण 'झालं असेल' आणि 'झालं' यातला फरक इथेच कळतो.

पिक्सारचा किस्सा प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना कुणीतरी चुकून चित्रपटाच्या फाइल पुसायची आज्ञा दिली. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचं तेव्हा कळलं. सुपरवायझिंग टेक्निकल डायरेक्टर गॅलिन सस्मन बाळ लहान असल्यामुळे घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती म्हणून चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या स्टुडिओचं असं होतं तर आपलं काय? ज्या बॅकअपमधून तुम्ही एकदाही फाइल परत काढून बघितली नाही, तो बॅकअप आहे असं धरू नका.

जुनी डिस्क लगेच विकू नका, फॉरमॅटही करू नका. किमान सहा महिने तारीख लिहून कपाटात ठेवा. काहीतरी राहिलंय हे बऱ्याचदा लग्नाचा वाढदिवस किंवा गणपती आले की कळतं.

लाइट, धूळ आणि बाहेरून येणारे

लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइलसिस्टम बिघडू शकते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या मोडवर त्याला बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो. अनेक इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते बघा. वेगळा छोटा यूपीएस घेणार असाल तर यूएसबी पोर्ट असलेला घ्या. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

कॅबिनेट उघडलंच आहे तर धूळ काढा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत राहील एवढी हवा खेळू द्या. बंद कपाटात, देव्हाऱ्याच्या खाली, सर्व्हर ठेवू नका.

बाहेरून फोनवर फोटो बघायचे म्हणून राउटरची पोर्ट सरळ इंटरनेटला उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या नॅसवरच्या फाइल कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइन मागितले. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं खासगी जाळं वापरा. आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे पोर्ट उघडून तसंही चालत नाही. टेलस्केल तिथेही चालतं.

थोडक्यात क्रम

१. परत न मिळणारा डेटा आजच वेगळा कॉपी करा.
२. स्मार्टच्या पाच ओळी बघा, आठवड्याने परत बघा.
३. त्रास एसएसडीचा, नेटवर्कचा की प्रोसेसरचा ते ओळखा, मग खर्च करा.
४. डिस्क सीएमआर घ्या, वॉरंटी तपासा, अडीच दिवस परीक्षा घ्या.
५. दोन डिस्कचा आरसा, तिसरी प्रत घराबाहेर.
६. आरसिंकने हलवा, चेकसमने ताडा, एक फाइल परत काढून बघा.
७. जुनी डिस्क सहा महिने जपा.

आमच्या डिस्कचं काय झालं? ओव्यांचं फोल्डर मी सगळ्यात आधी काढून घेतलं होतं, ते सगळं सुखरूप आहे. बाकीच्या डिस्कला डीडीरेस्क्यूने दोन रात्री घेतल्या. ४३ फोटो उघडले नाहीत, २०१५ च्या एका सहलीचे. ते गेले. नवा प्रोसेसर मी अजूनही घेतलेला नाही. नवी एसएसडी आणि दोन डिस्क टाकल्यावर त्याची गरजच वाटली नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं काढा. तुमच्या सर्व्हरवरची १९७ क्रमांकाची ओळ उघडा आणि आकडा बघा. शून्य असेल तर निवांत झोपा, पण पोर्टेबल डिस्क शनिवारीच आणा.